मान्य यादीत नसलेली हाक

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

आज मी खूश आहे, हे आधी लिहून ठेवतो. असे दिवस माझ्या वाट्याला फार येत नाहीत. सकाळी साडेसहाला रत्नागिरीत उतरलो, रिक्षावाल्याने मिरजोळे एमआयडीसीतल्या खोलीवर विनातक्रार सोडलं, आणि नऊ वाजता मी माझ्या नव्या खुर्चीत बसलेला होतो. खुर्चीची पाचही चाकं शाबूत आहेत. खिडकीतून जांभ्याचं शेवाळलेलं कुंपण आणि पलीकडे कुणाची तरी हापूसची कलमं दिसतात. टेबलावर कंपनीतर्फे एक छोटी डायरी ठेवलेली होती, शर्टाच्या खिशात मावेल एवढी, वर निळा पापलेट छापलेला. हीच ती.

संगणकाच्या धंद्यातला माणूस हाताने रोजनिशी लिहितो याचं लोकांना नवल वाटतं. संगणकावर लिहिलेलं कोण कोण वाचू शकतं ते मला ठाऊक आहे, म्हणून तर मी हाताने लिहितो.

कंपनी मासळी गोठवून परदेशी पाठवते. दहा सप्टेंबरला परदेशी ग्राहकाचे तपासनीस येणार आहेत आणि त्यांना मासळीइतकेच संगणकही स्वच्छ हवे आहेत. कोणत्या संगणकावर कोणता प्रोग्राम चालतो, तो कुणी टाकला, कुणाच्या परवानगीने टाकला, सगळ्याची लेखी उत्तरं हवीत. ते माझं काम. तपासणी नीट पार पडली तर नोकरी कायम, नाही तर तीन महिन्यांनी नमस्कार. व्यवस्थापक विनोद साहेबांनी हे चहा पिता पिता सांगितलं आणि वर म्हणाले की केतनराव, इथली माणसं साधी आहेत, जरा सांभाळून घ्या.

साधी माणसं मी पुण्यात पाहिलेली आहेत. तिथे अशाच एका साध्या माणसाने पीडीएफ जोडायचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं, त्यातून विषाणू शिरला, चारशे संगणक एका दुपारीत कुलूपबंद झाले आणि नोकरी माझी गेली. त्या साध्या माणसाला दिवाळीत बढती मिळाली.

असो. इथे हवा छान आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

दुपारी दोनपर्यंत बावीस संगणक तपासले. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून यादी केली.

स्टोअरच्या संगणकावर कुंडली जुळवायचं सॉफ्टवेअर आहे. खरेदी विभागात रमी. एका संगणकावर चार वेगवेगळे अँटिव्हायरस आहेत आणि चारही एकमेकांना विषाणू समजून भांडतायत. भरती-ओहोटीची वेळ सांगणारा एक प्रोग्राम आहे, त्यात मधूनच एक बाई येऊन नाचते. मराठी टायपिंगचे चोरलेले फाँट तर घराघरांत उंदीर असावेत तसे सगळीकडे आहेत. पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटवलेले आहेत, आणि जिथे नाहीत तिथे विचारलं की लगेच सांगतात, तेही मोठ्याने.

सगळ्यांत भयंकर गोष्ट म्हणजे बावीसच्या बावीस लोकांकडे ॲडमिनचे हक्क आहेत. म्हणजे कुणीही उठावं आणि काहीही टाकावं. का, असं विचारलं, तर कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर संदेश म्हणाला की हक्क नसले तर हाक चालत नाय. हाक म्हणजे काय, तर म्हणे उद्या-परवा बघाल. मला वाटलं आणखी एखादा पत्त्यांचा खेळ असेल.

गुरुवार, ७ ऑगस्ट

हाक पाहिली. ही रोज येते म्हणे; गेले तीन दिवस दुपारी मी विनोद साहेबांच्या केबिनमध्ये होतो, म्हणून हुकली.

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बावीस पडद्यांवर एकदम एक राखाडी चौकोन उघडला. त्यात एवढंच: चेंबर तीन, कोण आहे काय? खाली एकच बटण, त्यावर ओ. सगळ्या माना एकाच टेबलाकडे वळल्या. डिस्पॅचच्या टेबलावर रुचिरा पावसे म्हणून मुलगी बसते, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. तिने ओ वर क्लिक केलं, तशी बाकीचे चौकोन मिटले. मग ती किल्ली घेऊन उठली, मागच्या बाजूला चेंबर तीन या गोठवणीच्या खोलीकडे गेली, पाच मिनिटांनी परत येऊन पुन्हा चलनं करायला लागली. लोक पुन्हा बांगड्यावर गप्पा मारायला लागले.

मी तो प्रोग्राम उघडून पाहिला. कुणी बनवला याची नोंद नाही, सही नाही, कंपनीचं नाव नाही. रत्नागिरीतल्या कुठल्याशा क्लासच्या मास्तरांनी नऊ वर्षांपूर्वी करून दिलेला आहे आणि मास्तर आता दुबईत आहेत. प्रत्येक संगणकावर हा पूर्ण हक्कांनिशी बसलेला. चोराला आत यायचं असेल तर यापेक्षा रुंद दरवाजा मी स्वतः करून देऊ शकणार नाही.

चेंबरच्या आत एक बटण आहे. कुणी आत अडकलं तर ते दाबायचं, की सगळ्या पडद्यांवर हाक येते. कल्पना वाईट नाही. पण चेंबर तीनला बाहेरून कुलूप असतं, आत न खपलेल्या मालाची खोकी आहेत आणि माणूस एकही नसतो. मग रोज तीन दहाला बटण कोण दाबतं, असं मी सरळ विचारलं.  एक जण खाली बघून हसला, आणि मला अशा हसण्याचा मनापासून राग येतो.

शनिवार, ९ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमेची सुट्टी. आज चहावाल्या ठमाबाईंनी कपबशी ठेवता ठेवता सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

रुचिराचे वडील आनंदा पावसे. गाव बुरोंडी, तरुणपणी बोटीवर, मग इथे कोल्ड स्टोरेजवर. नऊ वर्षांपूर्वी दुपारी तीनच्या सुमाराला चेंबर तीनमध्ये गेले, दार मागे लागलं, आतून दार उघडायचा दांडा बर्फाने धरलेला. ते बटण दाबत राहिले. तेव्हा त्याची घंटा कॉम्प्रेसरच्या खोलीत वाजायची आणि तिथल्या घरघरीत ती कुणालाच ऐकू आली नाही. सहा वाजता सापडले. त्यांच्या जागेवर मुलीला घेतलं आणि घंटेच्या ऐवजी हा प्रोग्राम करून घेतला. तो बसवला त्या पहिल्याच दिवशी तीन दहाला चेंबर तीनची हाक आली. पोरीने ओ दिली, दार उघडून आलं. तेव्हापासून रोज देते. ठमाबाई म्हणाल्या की तेव्हा कोण आयकला नाय, म्हणून आता कोणीतरी आयकूचाच लागतं, येवढाच.

मी ऐकून घेतलं. वाईट झालं, नाही असं नाही. पण ओल्या भिंतीतून नेलेली नऊ वर्षांची जुनी वायर आहे आणि दुपारी तीनच्या सुमाराला चेंबरमधला बर्फ वितळवणारे हीटर सुरू होतात. वायरीला ओल लागते, बटण दाबल्यासारखं होतं. हे समजायला इंजिनिअरिंग लागत नाही, दहावीचं विज्ञान पुरतं. या लोकांनी नऊ वर्षं एका शॉर्टसर्किटला ओ दिली.

सोमवार, ११ ऑगस्ट

आज कुऱ्हाड चालवली. बावीसही लोकांचे ॲडमिन हक्क काढले. आता इथे काहीही टाकायचा किंवा काढायचा हक्क एकट्या माझ्याकडे. मान्य यादी तयार केली, त्यात एकोणीस प्रोग्राम. यादीत आहे ते चालेल, नाही ते उघडायच्या आधीच रोखलं जाईल आणि कुणी, कुठून, किती वाजता प्रयत्न केला त्याची नोंद माझ्याकडे येईल. कुंडली गेली, रमी गेली, नाचणारी बाई गेली. हाक गेली.

संदेश येऊन म्हणाला की मग आत कोण गावला तर? मी सांगितलं की सही असलेली, पावती असलेली, नीट यंत्रणा मागवली आहे, सप्टेंबरअखेर बसेल. तोवर काय, तर तोवर आत जाताना दोघांनी जायचं आणि एकाने दारात उभं राहायचं. साधा नियम. तो डोकं खाजवत गेला.

पुण्यात मी इतका कडक असतो तर आज तिथेच असतो.

मंगळवार, १२ ऑगस्ट

तीन दहा. एकही चौकोन नाही. माझ्या लॅपटॉपवरच्या नोंदवहीत मात्र एकदम बावीस ओळी: हाक, चेंबर तीन, रोखले.

मजा ऑफिसची. तीन वाजल्यापासून सगळे कीबोर्डवरून हात काढून पडद्याकडे बघत बसलेले, दहावीच्या निकालाच्या दिवशी बसतात तसे. काहीच उघडलं नाही तेव्हा रुचिराने माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत होतो. ती किल्ली घेऊन तशीच उठली आणि चेंबरकडे गेली. जाऊ दे म्हटलं, एक दिवस.

बुधवार, १३ ऑगस्ट

तीन दहाला बावीस ओळी. तीन अकराला पुन्हा बावीस. असं साडेतीनपर्यंत. ओ मिळत नाही म्हणून प्रोग्राम पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, एवढाच अर्थ. ठमाबाईंना हे समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या की माणूसपण तसाच करतो साहेब. अशा बाईशी काय बोलणार.

ऑफिसचा एसी फार गार सोडतात. तीनच्या पुढे उजव्या हाताची बोटं पांढरी पडली होती, टाइप करताना कळ येत होती.

शनिवार, १६ ऑगस्ट

आज नोंदींत बावीसच्या जागी तेवीस ओळी. तेविसावा माझा लॅपटॉप. त्यावर हाक कधीच टाकलेली नव्हती. शोधली, सापडली नाही. म्हणजे नाही ते उघडायचा प्रयत्न झाला आणि मी लावलेल्या कुलपाने तो रोखला. हे शक्य नाही. कुणीतरी माझ्या लॅपटॉपला हात लावलेला आहे आणि तो संदेश असणार, कारण इथे पेन ड्राइव्ह कुठल्या बाजूने घालायचा ते त्या एकट्यालाच माहीत आहे.

सोमवार, १८ ऑगस्ट

नोंदीत एक रकाना असतो, प्रोग्राम कुणाच्या नावाने चालवायचा प्रयत्न झाला त्याचा. इतके दिवस तिथे नुसतं सिस्टम असायचं. आज तेवीसही ओळींत आनंदा.

या नावाचं खातं आपल्याकडे नाही. कधीच नव्हतं, मी पहिल्या दिवसापर्यंत मागे जाऊन पाहिलं. कुणीतरी खातं बनवलं आणि पुसलं असं म्हणावं, तर त्याला ॲडमिन हक्क लागतात आणि ते फक्त माझ्याकडे आहेत. संदेशला बोलावून चांगलं झापलं. मेलेल्या माणसाच्या नावाने थट्टा करताना लाज कशी वाटत नाही, असंही विचारलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की लाज मलाच वाटायला हवी होती.

दुपारी रुचिरा आली. मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे की एखादा प्रोग्राम हवा असेल तर सूट मिळवण्याचा छापील अर्ज भरायचा. तिने भरला. अक्षर सुरेख आहे. प्रोग्रामचे नाव: हाक. किती काळासाठी: रोज, तीन दहा ते तीन पंधरा. कामाचे कारण या रकान्यात तिने लिहिलं होतं, कोणीतरी ओ द्यायला पाहिजे.

मी तिच्यासमोरच अर्जावर नामंजूर लिहिलं आणि सांगितलं की भावना हा कामाच्या कारणांतला पर्याय नाही. ती रडली वगैरे नाही. अगदी हळू म्हणाली की केतन सर, नऊ वर्षांत कामाचा एकपण दिवस चुकला नव्हता हो. मला त्या क्षणी थोडं वाईट वाटलं. मग दहा सप्टेंबर आठवला.

बुधवार, २० ऑगस्ट

चौकोन येत नाही तरी ती रोज तीन दहाला किल्ली घेऊन जातेच आहे. आज मागे गेलो. आत जाऊन ती एका छोट्या लाकडी हातोडीने दाराच्या आतल्या बाजूला ठक ठक ठोकत होती आणि तोंडाने, हो बाबा, ओ बाबा, चालू होतं. एवढी शिकलेली मुलगी. संदेश दारात उभा राहून हे सगळं बघत होता, देवळात उभं राहतात तसा.

मी किल्ली काढून घेतली. हातोडीही घेतली. ती बर्फाबद्दल काहीतरी सांगायला लागली, मी हात वर करून थांबवलं. चेंबर तीनवर नोटीस डकवली: लेखी परवानगीशिवाय कुणीही येथे येऊ नये, खाली माझी सही. विनोद साहेब म्हणाले की तपासणीपुरतं ठीक आहे, पण पोरीला दुखवू नका. मी म्हटलं की साहेब, तपासनीसांना पोरीचं दुःख दाखवू की स्वच्छ नोंदी?

किल्ली माझ्या खणात. बोटं आज तास-दीड तास बधिर.

गुरुवार, २१ ऑगस्ट

तीन दहा. एकही ओळ नाही. तीन वीस, साडेतीन, चार. शून्य.

जिंकलो. नऊ वर्षांचं भूत एका किल्लीने गेलं. दार उघडझाप बंद झाली, आत ओल जायची थांबली, वायर सुकली. लिहून देतो.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

तीन दहा. एक ओळ. फक्त माझ्या लॅपटॉपवर.

हाक. चेंबर तीन. नावाच्या रकान्यात केतन.

मी त्या वेळी खुर्चीत बसलेलो होतो. विनोद साहेब समोर होते, साक्षीला. चेंबरची किल्ली माझ्या खणात होती. पासवर्ड बदलला. तीन अकराला पुन्हा केतन. पुन्हा बदलला. तीन बाराला पुन्हा.

माझा पासवर्ड कुणाला तरी कळला आहे. दुसरं काही असूच शकत नाही. पुण्यातही सुरुवात अशीच झाली होती. एक ओळ, मग चार, मग सगळं.

सोमवार, २५ ऑगस्ट

परवाच्या दिवशी गणपती. ऑफिसात कामाच्या नावाने शून्य. कुणाची मूर्ती आली, कुणाची यायची आहे, माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या लाकडी चौकटीला, काय बांधायचं, एवढंच चालू. रुचिरा आजच बुरोंडीला गेली. जाताना माझ्या टेबलाशी थांबली. मी खाली बघून काम असल्यासारखं केलं.

तीन दहाला ओळी आल्याच. सगळ्या माझ्या नावाच्या, सगळ्या चेंबर तीनमधून. मोजल्या नाहीत. हाताची चार बोटं मेणासारखी झाली, नखं निळी. डॉक्टर म्हणाले, रक्ताभिसरण.

मग तो चौकोन. जो चालूच शकत नाही तो, माझ्या पडद्यावर. कोण आहे काय? खाली ओ.

ठमाबाई पाठीशी उभ्या होत्या, केव्हा आल्या कळलं नाही. म्हणाल्या की साहेब, वायच ओ द्या की, तुमचा काय जाताय.

खरं सांगायचं तर हात माउसवर गेला होता. नुसतं क्लिक करायचं नव्हतं, मान्य यादी उघडून तिच्यात हाक घालायचं ठरवलं होतं. विसावा प्रोग्राम. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं तेही ठरवलं होतं. तेवढ्यात संदेश आत आला आणि पडद्याकडे बघून थांबला. त्याच्या डोळ्यांत ते होतं, झालं ना तुमचंपण, असं काहीतरी. त्याच्यासमोर मी ते करणार नव्हतो. लॅपटॉप मिटला.

मंगळवार, २६ ऑगस्ट. दुपारी अडीच

ठरलं. बटणच कापून टाकायचं. बटण नाही तर हाक नाही, आणि माझ्या नावाने कुणाला काही करता यायचं नाही. पाच मिनिटांचं काम आहे. वायर कापायची पक्कड घेतली आहे, बटणाचा नंबर उतरवायला ही डायरी. कुणाला सांगत नाही. सांगितलं तर दोघांनी जायचा नियम मला आठवून देतील, आणि हसतील. सणामुळे चारला ऑफिस सुटणार, मग पाच दिवस सुट्टी. त्याच्या आत उरकतो.

दोन बावन्न

दार मागे लागलं. वाऱ्याने असेल. किल्ली बाहेर कुलपातच आहे.

आतून उघडायचा दांडा आहे. त्यावर बोटभर जाड बर्फ चढलेला आहे. जोर लावला, हलत नाही. पकडीने ठोकला, पक्कड सटकते. सहा दिवस कुणी ठोकलेला नाही — म्हणजे ती रोज येऊन हे — हातोडी माझ्याच खणात आहे.

फोनला रेंज नाही. काटा उणे अठरावर. अंगात हाफ शर्ट.

शांत राहायचं. बटण अजून कापलेलं नाही. बरं झालं.

तीन दहा

दाबलं.

पलीकडे तीस पावलांवर सणाला अजून गावी न गेलेली अकरा माणसं बसली आहेत. प्रत्येकासमोर पडदा चालू आहे. त्यातल्या एकावरही काही उघडणार नाही. मी ते नीट करून ठेवलं आहे. माझ्या नोंदवहीत ओळ पडत असेल, केतन, चेंबर तीन, रोखले. ती वही उघडायचा हक्क —

तीन अकरा. दाबलं. तीन बारा. दाबलं.

ओरडलो. भिंत माझाच आवाज खाते. बाहेर माझी नोटीस आहे. कुणी येणार नाही.

तीन चाळीस असेल

पेन बंद पडलं. पेन्सिलीने लिहितोय. बोटं वाकत नाहीत.

रुचिरा, अर्ज मंजूर. मंजूर आहे. सही करतो इथे. तुझ्या वडिलांना इतका वेळ — मला कळलं नव्हतं. कळून घ्यायचं नव्हतं. माफ कर —

चार वाजले. गाड्या सुरू झाल्याचा आवाज. की कॉम्प्रेसर. सुटले सगळे. संदेश, थांब रे. संदेश, बाबा —

दाबलं. दाबलं.

कुणीतरी ओ दिली!

दिली. मी नीट ऐकली. पुरुषाचा आवाज. संदेश असेल. दार अजून उघडत का नाही —

पुन्हा दाबलं. पुन्हा ओ. बुरोंडीकडची, लांबवलेली. समजावल्यासारखी.

दाराकडून येत नाही. माझ्या मागून. खोक्यांच्या —

मी बटणावरून बोट काढलं आहे. आता दाबत नाही. तरी ओ येतेय. थोड्या थोड्या वेळाने, आणि दर खेपेला जरा अजून —